एका हाताने उघडणारी पिशवी

बार्जवर, कतारच्या समुद्रात
३ जून २००७

स्टेफी बाय,

आईला हे पत्र वाचून दाखवशील तेव्हा मधलं पान गाळ. पप्पांचा प्रश्नच नाही. गेल्या वर्षी ईस्टरनंतर मी बॅग उचलली तेव्हापासून त्यांनी माझ्याशी शब्द काढलेला नाही, आणि माझा फोन आला की ते जाळं घेऊन ओट्यावर जाऊन बसतात हे तूच सांगतेस. बोटीवरचा एक हात कमी झाला त्याचा राग. असू दे. मी तरी राग कुणाकडून शिकलो?

ओळी तिरक्या आल्यात त्यावर काही बोलू नकोस. बार्ज म्हणजे पाण्यावरचा सपाट तराफाच, हलते, कागद सरकतो.

मला सध्या स्टोअरमध्ये बसवलंय. खुर्ची, पंखा, समोर हातमोजे आणि हेल्मेटचे खोके. मी आणि खुर्ची! उत्तनच्या बर्फाच्या कारखान्यातून पळालो, भाईंदरला रिक्षा चालवली ती सोडली, गोव्याच्या हॉटेलातून तर मालकानेच हात जोडून घालवलं. आणि आता बघ, दिवसभर बसून लोकांना हातमोजे वाटतोय. पायाला मुंग्या येतात. पण आरामाचं काम आहे, पोरगा सुखात आहे, असं आईला सांग.

आता गाळायचं पान.

मागच्या महिन्यात इथे एका पोराचा हात क्रेनच्या वायरीत सापडला. लोखंडाचा पाइप उचलत होते, वायर उसळली आणि कोपराच्या खाली आतल्या बाजूने फाडत गेली. रक्त कसं, तर आपल्या नाक्यावरचा नळ सकाळी पाणी आल्यावर पहिल्यांदा उडतो ना, तसं. सगळे ओरडायला लागले. कुणी बनियन काढलं, कुणी पाणी आणलं. एक जण तर पंख्याने वारा घालत होता. आमच्याकडे एक मल्याळी नर्स आहे, पुरुष आहे म्हणून सगळे त्याला ब्रदर म्हणतात. तो पळत आला. कमरेला छोटी पिशवी. त्यातून एक पट्टा काढला, पोराच्या दंडावर चढवला, ओढला, आणि त्या पट्ट्यात पेनाएवढी एक दांडी असते ती पिळायला लागला. पिळत गेला, पिळत गेला. नळ बंद.

मी हे अगदी जवळून बघितलं.

पोरगा वाचला. दोहाच्या हॉस्पिटलात गेला, टाके पडले, परत कामावर आहे. पण मला तेव्हापासून झोपेत पण आपल्या बोटीचं जाळं ओढायचं विंच दिसतं. पप्पा कसे उभे राहतात आठवतंय? रस्सी येत असताना डाव्या हाताने तिला बाजूला सारत, जशी काय घरातली मांजर आहे. आणि बोटीवर औषध काय, तर हळदीचा डबा, आयोडेक्स, आणि बर्नोलची ती ट्यूब, जी तुझ्या फर्स्ट कम्युनियनच्या आधीपासून चपटी होऊन पडलीय. हात कापला की तंबाखू दाबायची. मासळीच्या जागेवरून उत्तनला यायला अख्खी रात्र जाते, स्टेफी. तेवढ्यात माणूस रिकामा होतो.

पावसाळ्यातली मासेमारीची बंदी संपून ऑगस्टला बोट जाईल. त्याच्या आधी अशी एक पिशवी बोटीवर गेलीच पाहिजे. तू हंसाबेनच्या मेडिकलमध्ये काम करतेस, तुला नाही कळणार तर कुणाला? काय काय मिळतं ते बघ आणि कळव.

तुझा,
नॅथन


बार्जवर
२४ जून २००७

स्टेफी,

तुझं पत्र मिळालं. जेवणाच्या हॉलमध्ये एकटा हसत बसलो, बाजूचा फिलिपिनो उठून दुसऱ्या टेबलावर गेला.

तर हंसाबेन म्हणाल्या, "अरे दीकरी, इसमें सोचने का क्या है? लाल डब्बा ले जा, सब आ गया." आणि तो डबा तू बसमधून मांडीवर घेऊन उत्तनपर्यंत आणलास आणि कंडक्टरने विचारलं, बाय, केक हाय का? हे मी ब्रदरला हिंदीत करून सांगितलं. तो पण हसला. मग त्याने विचारलं, डब्यात काय आहे? मी तुझ्या पत्रातून वाचत गेलो. कापूस. डेटॉल. थर्मामीटर. डोळे धुवायचा कप. चिकटपट्ट्या, त्यात पोरांसाठी फुलाफुलांच्या वेगळ्या. ब्रदर म्हणाला, तुझ्या बापाच्या बोटीवर कुणाला ताप आला तर चांगलंय.

तू रागावू नकोस. मीही तेच करणार होतो. इथल्या बंदरात दुकान आहे, तिथे एक खोका बघून ठेवला होता, उघडला की जिन्यासारखा वर वर येतो, तीन मजले. मी तर जीव टाकला होता त्याच्यावर. ब्रदरने विचारलं, बोटीवर हा कुठे ठेवणार? मी म्हटलं, केबिनमध्ये, बाकाखाली. तो म्हणाला, बरं, विंच कुठे? म्हटलं, मागे. मध्ये काय? मध्ये जाळी, बर्फ, मासळी, पाच माणसं. मग म्हणाला, नॅथन, खोका हा जखम होऊन गेल्यावरचा आहे. जखम होत असताना जे लागतं ते अंगावर पाहिजे, नाहीतर हात लांब केला की मिळालं पाहिजे.

मग आम्ही दोघांनी बसून एकेक वस्तू बाहेर काढली. आईच्या प्रार्थनेच्या पुस्तकापेक्षा मोठं काही नको असं मी ठरवलं. तेवढं पप्पा सहन करतील. थर्मामीटर गेला. डेटॉल गेलं, तुझा जीव तुटेल पण गेलं, ब्रदर म्हणतो, धुणं हॉस्पिटलात होतं, बोटीवर फक्त थांबवणं. राहिलं काय, तर तो पट्टा, त्याला टूर्निकेट म्हणतात, मी पट्टाच म्हणतो. एक दाबून बांधायचं लांब बँडेज, ताणतं ते. जखमेत कोंबायला घडीची जाळीदार पट्टी. रबरी हातमोजे. आणि एक कात्री, टोक बोथट पण कपडा, रबरी बूट, जाळं, सगळं कापते. एवढंच. मी म्हटलं, हे तर काहीच नाही. तो म्हणाला, म्हणूनच उचलून नेतील.

हंसाबेनना विचार, पट्टा त्यांच्याकडे मिळतो का.


बार्जवर
१५ जुलै २००७

स्टेफी बाय,

हंसाबेननी दाखवली ती रक्त काढताना बांधतात ती रबरी नळी. ती नको. बारीक आहे, मांसात रुतते, आणि मोठी नस थांबत नाही. मी ब्रदरला विचारलं, त्याने मान हलवली. त्यांना माझा नमस्कार सांग, आणि सांग की नळी वाईट नाही, काम वेगळं आहे. भाईंदरच्या केबिन रोडच्या अख्ख्या लाइनमध्ये फिरलीस आणि पट्टा मिळाला नाही म्हणतेस, तर मी इथूनच पाठवतो. ब्रदरने जहाजाला माल देणाऱ्याकडून मागवून दिला. खराच आहे, नकली मिळतात त्यांची दांडी पिळताना मोडते.

आता पिशवीची गोष्ट ऐक. वस्तू ठरल्या पण पिशवी ठरत नव्हती, आणि तुला माहीत आहे, माझ्या डोक्यात एकदा काही बसलं की मी जेवत पण नाही. काळी होती एक, दिसायला पोलिसाची. पण रात्री जाळ्यात पडली तर गेली. निळी तर नकोच, बोटीवर सगळंच निळं. शेवटी केशरी घेतली. मग चेन. लोखंडी चेन असलेली एक पिशवी मी दोरीला बांधून बार्जवरून पाण्यात सोडली आणि आठवडाभर तशीच ठेवली. फोरमन विचारायला लागला, मासे पकडतोस काय? वर काढली तेव्हा चेन मीठ खाऊन मुकी झालेली. प्लास्टिकची जाड चेन राहिली, तिला मी हिरव्या दोरीचा मोठा फास लावला, बोट अडकवून खेचता येईल असा. मग स्वयंपाकघरातून तेल आणलं, हाताला चोपडलं आणि उघडून बघितली. एकाच हाताने. डावा खिशात ठेवून. दातात धरून पण उघडते.

एकाच हाताने का, असं विचारशील. असंच. दुसरा हात कशात तरी गुंतलेला असू शकतो ना.

राई गावचा बबन, इथे किचनला आहे तो, शनिवारी सुट्टीवर येतोय. त्याच्याकडे देतोय. पुडकं द्यायला येईल तेव्हा आईने त्याला जेवायला बसवलं तर बसवू दे, पण जास्त प्रश्न विचारू देऊ नकोस. तो जेवताना बडबडतो.

पप्पांना सांगायचं, ही तू आणलीस. हंसाबेनकडून. माझं नाव काढलंस तर ती पिशवी खाडीत जाईल. मी कागदात गुंडाळून नीट बांधून दिलीय. आणि स्टेफी, ती उघडा. सगळ्यांनी एकेकदा तो पट्टा बांधून बघा, पप्पांनी, आपल्या खलाशी शिवाने, सगळ्यांनी. चित्रं काढून आत ठेवलीत. माझी चित्रं आहेत, हसू नका.


बार्जवर
२६ ऑगस्ट २००७

स्टेफी,

बंदराला लागलो तेव्हा तुझं पत्र घेतलं आणि तिथेच धक्क्यावर बसून वाचलं. नंतर उभं राहून परत वाचलं.

म्हणजे तू म्हणालीस, "पप्पा, मी आणली, बोटीसाठी." आणि त्यांनी पुडकं हातात घेतलं. मग दोरी सोडायला घेतली, आणि सोडता सोडता थांबले. गाठीवर अंगठा फिरवला. तुला म्हणाले, "हंसाबेनला ही गाठ येते?"

मी गाढव आहे, स्टेफी. कागदात गुंडाळलं, नाव लिहिलं नाही, बबनला शपथ घातली, आणि बांधताना हात आपोआप पप्पांचीच गाठ मारून मोकळा झाला. जाळ्याची दोरी शिवताना त्यांनी माझ्या डोक्यात टपल्या मारून शिकवलेली. उत्तनच्या अख्ख्या पातान बंदरात ती दुसरं कोण मारतं?

आणि त्यांनी फेकली नाही! दोरीसुद्धा कापली नाही, सोडवून खिशात घातली, असं तू लिहितेस. हे वाचून मला काय झालं ते मी लिहीत नाही, तुझ्या हातात कागद आहे, तू सगळीकडे वाचून दाखवशील.

पण पुढचं वाचून माझं डोकं गरगरलं. आईने तिला मखमलीचं कव्हर शिवलं. बरं. लाल मखमल, कडेला लेस. बरं. आत मीठ जायला नको म्हणून चारी बाजूंनी शिवून बंद केलं?

आणि बोटीच्या आशीर्वादाला फादर आले तेव्हा पप्पांनी ती पुढे केली. फादरनी पवित्र पाणी शिंपडलं, बोटीवर, जाळ्यावर, इंजिनावर, पिशवीवर. आणि आता ती केबिनमध्ये मरियामातेच्या फोटोखाली खिळ्याला टांगलीय, हार घालून. आगेऱ्याच्या, सुगीच्या सणाच्या, भाताच्या लोंब्या जशा आपण वर्षभर देवाजवळ ठेवतो, हात न लावता, तशी.

मला कळतंय गं. ज्याच्याशी बोलायचं नाही त्याची वस्तू कुठे ठेवायची, तर त्यांना तीच एक जागा सुचली. मला तर रडूच येतंय आणि हसू पण. पण तू विचारलंस ना त्यांना, उघडून बघूया का म्हणून? आणि ते म्हणाले, "आशीर्वाद दिलेली वस्तू हाय ती. रोज रोज उघडायची न्हाय."

स्टेफी, ती उघडायचीच वस्तू आहे. तेवढ्यासाठीच घेतलीय. आईला सांग, कव्हर फाड. पप्पांना सांग, शिवाला सांग. शिवा सगळ्यांत तरुण आहे, त्याला तरी दाखव पट्टा कसा बांधतात. मला इथे बसवत नाही.


दोहा
२३ सप्टेंबर २००७

स्टेफी,

काल फोनवर तू रडत होतीस म्हणून मी काही बोललो नाही. आता लिहितो. हे पत्र गाळू नकोस. सगळ्यांना वाचून दाखव. पप्पा ओट्यावर गेले तर ओट्यावर जाऊन वाच.

शिवाचा हात गेला नाही, हे मोठं झालं. विंचवर रस्सी चढली आणि मनगटाच्या वर पकडला, असं तू सांगितलंस. पप्पांनी विंच बंद केलं, जाळ्याच्या सुतळीने दंड आवळला, आणि मग दोन्ही हातांनी धरून बसले, उत्तनचा धक्का येईपर्यंत. सोडलं नाही. पेशाबला पण उठले नाहीत. खलाशी म्हणतात, पप्पांची बोटं नंतर उघडेनात, एकेक करून सोडवावी लागली. डॉक्टर म्हणाले, सुतळी बारीक, म्हणून नस दाबली गेली आणि शिवाच्या दोन बोटांना अजून कळत नाही. हळूहळू येईल, कदाचित येणार नाही.

आणि एवढा वेळ पिशवी त्यांच्या डोक्यावर हात-दीड हातावर टांगलेली, अजून शिवलेलीच; माझं पत्र पोचायच्या आत बोट निघाली होती. पप्पांनी तिच्याकडे बघून क्रुसाची खूण केली आणि परत शिवाला धरलं.

मला पप्पांचा राग आला नाही. आधी वाटलं आला, धक्क्यावर जाऊन एक ड्रम लाथेने उडवला, पण राग नव्हता. माणूस अख्खी रात्र दुसऱ्याचं रक्त हातात धरून बसतो, त्याच्यावर कसला राग? त्यांना काय माहीत, मखमलीच्या आत काय आहे?

माहीत नाही, कारण मीही त्यांना आत काय आहे ते सांगितलं नाही.

स्टेफी, वायरीत सापडलेला तो पोरगा मी होतो.

डावा हात. कोपराच्या खाली. ओळी तिरक्या येतात कारण डाव्या हाताने कागद धरता येत नव्हता, आता येतो थोडा. स्टोअरमध्ये बसवलं ते आराम म्हणून नाही, दोन महिने मला जड काही उचलायचं नव्हतं. एका हाताने पिशवी उघडून बघत होतो कारण माझ्याकडे तेव्हा एकच होता. बबनला मी देवाची शपथ घातली होती. आई त्याला विचारत होती, "माझा नॅथन बारीक झालाय काय रे?" आणि तो मान खाली घालून भात कालवत बसला, असं तू लिहिलंस, तेव्हा मला त्याची दया आली.

का सांगितलं नाही? आई रडली असती. आणि पप्पांनी तोंड उघडलं असतं, बरं का, पण एवढंच म्हणायला की, बघ, समुद्र तिथे पण तोच हाय, मग इथे काय वाईट होतं? ते मला ऐकायचं नव्हतं. खरं असतं तरी.

तर आई, रडून घे, पण ऐक. रक्त गेलं तेव्हा मला थंडी वाजायला लागली, कतारच्या उन्हात. कानात इंजिनचा आवाज लांब जायला लागला. ब्रदरने पट्टा चढवला, दांडी पिळली. इतकं दुखलं की मी त्याला आपल्या भाषेत असलं काही बोललो, जे तू मला तोंडात साबण घालून विसरायला लावलं होतंस. मग आवाज परत जवळ आला. एवढंच आहे त्या मखमलीच्या आत. एक पट्टा आणि एक दांडी. त्याने मला परत आणलं. आणि शिवाच्या वेळी तो फोटोखाली हार घालून बसला होता.

या वेळी बबन येत नाहीये, पण आपल्याकडच्या नागल्याचा एक माणूस निघालाय, त्याच्याकडे दुसरं पुडकं देतोय. ह्यात पाच नवे पट्टे आहेत, बोटीवर प्रत्येकाला एक, कमरेला अडकवायचे. पिशवी वेगळी, जवळच, उघडी, केशरी. आणि एक जुना पट्टा, डाग असलेला. तो माझ्या हातावरचा. ब्रदर म्हणतो, एकदा वापरलेला परत खऱ्या कामाला घ्यायचा नाही, ताण गेलेला असतो. तो फक्त शिकायला. एकमेकांवर बांधून बघायला. ह्याला आशीर्वाद घेऊ नका. घाण होऊ दे.


दोहा
२१ ऑक्टोबर २००७

स्टेफी बाय,

तुझी चार पानं मिळाली. मी ती खिशात घेऊन फिरतोय.

आईने तुझं वाचून संपायच्या आत कात्री घेतली आणि मखमलीचे टाके उसवायला बसली, एकेक, डोळे पुसत, आणि कुणी मदत करायला गेलं तर अंगावर आली. हे मला इथे बसून दिसतंय. तिला सांग, हात आता सायकलचा ब्रेक दाबतो. खोटं वाटेल तर फोटो पाठवतो.

आगेऱ्याच्या दिवशी चर्चमधली मिसा संपल्यावर तू फादरना जाऊन सगळं सांगितलंस, हे तू केलंस म्हणून तुला मी काही म्हणणार नाही, नाहीतर चहाडखोर म्हटलं असतं. त्यांनी पप्पांना मांडवातच गाठलं, अख्खी आळी उभी असताना. "पास्कलभाऊ, मी पावावर पण आशीर्वाद मागतो. म्हणून तू तो कपाटात ठेवतोस काय? खातोस ना?" आणि पप्पा म्हणाले, "खातो, फादर." आणि मागून कुणी म्हणालं, "तो काय पाव खातो, तीन-तीन खातो." सगळे हसले. पप्पा पण हसले, असं लिहिलंयस. दोनदा वाचलं ते.

पण तू लिहितेस, माझं पत्र ऐकताना ते ओट्यावर गेले नाहीत. दारात उभे राहिले. वायरीचं वाचलंस तेव्हा त्यांनी तुझ्या हातातून कागद घेतला, उलटा-सुलटा करून बघितला, परत दिला. जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी तो डागाचा जुना पट्टा मात्र पुडक्यात नव्हता, आणि कुणालाच विचारायची हिंमत झाली नाही.

मी पण विचारत नाही. तू पण नको विचारू.


दोहा
१८ नोव्हेंबर २००७

पप्पा,

समोर असतो तर तू म्हणालो असतो. कागदावर हात धजत नाही, म्हणून तुम्ही.

आज दुपारी फोन वाजला तेव्हा मी धक्क्यावर होतो. स्क्रीनवर स्टेफीचा नंबर, म्हणून मी म्हटलं, बोल गं चहाडखोर. तिकडून तुम्ही. हॅलो नाही, कसा आहेस नाही. "दांडी कुठल्या बाजूला फिरवायची?"

मी फोन कानावरून काढून नंबर परत बघितला. तुम्हाला वाटलं असेल, लाइन गेली. मागे शिवाचा आवाज येत होता, "पास्कलभाऊ, दुखतंय, सोडा ना!" आणि आई म्हणत होती, अरे आजारी पोराला कशाला बांधतोस? मी "कुठल्याही" एवढं म्हणालो आणि खरंच लाइन गेली. परत लावला तर लागेना. म्हणून लिहितो.

कुठल्याही बाजूला फिरवा, पप्पा. ती जाळ्याची गाठ नाही, तिला उलटी-सुलटी नसते. पट्टा जखमेच्या वर, चार बोटं वर, कोपरावर किंवा गुडघ्यावर कधीच नाही. कपड्यावरून बांधला तरी चालतो. आधी पट्टा जेवढा ओढवेल तेवढा ओढायचा, मग दांडी. रक्त थांबेपर्यंत फिरवत राहायचं. थांबलं की दांडी तिच्या खाचेत अडकवायची, आणि मग हात लावायचा नाही. सैल करून बघायचं नाही, माणसाने कितीही विनवलं तरी. किती वाजता बांधला ते त्याच्या कपाळावर लिहायचं, बोटीवर पेन नसेल तर लक्षात ठेवायचं आणि डॉक्टरला पहिलं ते सांगायचं.

दुखेल. खूप दुखतं. माणूस तुम्हाला शिव्या देईल, आईबापावरून देईल. घ्यायच्या. मी ब्रदरला काय काय बोललो ते आठवून मला अजून लाज वाटते, आणि तो रोज विचारतो, हात कसा आहे.

शिवाला चांगल्या हातावर बांधून शिकवा, दुखऱ्यावर नाही. आणि आधी तुमच्यावर त्याला बांधू द्या. तुम्हाला कुणी बांधून ठेवतंय हे बघायला मला आवडलं असतं, खोटं कशाला बोलू.

रस्सी येत असताना डाव्या हाताने बाजूला सारू नका. एवढं एक ऐका.

माझा करार मार्चला संपतो. पुढे काय ते मला माहीत नाही, माझं तुम्हाला माहीत आहे, बूड टिकत नाही. बोटीवर येईन असं लिहीत नाही. येणार नाही असंही लिहीत नाही.

रविवारी दुपारी मी बंदराला असतो आणि तेव्हा फोन लागतो. आणखी काही विचारायचं राहिलं असेल तर करा, बँडेजचं, कात्रीचं, कशाचंही. विचारायला काही नसलं तरी करा.

तुमचा,
नॅथन